सुरुंगाची वाट

गिरगावातल्या माणसाला पुण्याची वाट विचारा. तो तुम्हाला गाड्यांची नावे सांगेल. डेक्कन क्वीन, प्रगती, इंद्रायणी! वाट म्हणजे रूळ, आणि डोंगर म्हणजे कर्जतचा बटाटावडा संपता संपता खिडकीबाहेर दिसणारी गोष्ट. मुले बोगदे मोजतात, बोगद्यात शिरताना आरोळी ठोकतात, आणि आई त्यांना हात आत घ्यायला सांगते. एवढ्यात खंडाळा येते. अठराशे फुटांची चढण आपण बसल्या जागी चढून आलेलो असतो, आणि तक्रार एवढीच असते, की गाडी घाटात फार रेंगाळली.

हा घाट पायी चढून जावा असे माझ्या मनात कधी आले नसते. ते आणले आबांनी. आबा आमच्या शाळेत शिपाई होते. त्याआधी ते परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. १९८२च्या संपात ती नोकरी गेली आणि मग लालबागहून रोज गिरगावात येऊन त्यांनी पंचवीस वर्षे आमच्या शाळेची घंटा वाजवली. मूळचे जुन्नरकडचे. आता वय बहात्तर. पण जिना चढताना धाप मला लागते, त्यांना नाही.

गेल्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला मी त्यांच्या घरी गेलो होतो. ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांचे पान त्या दिवशी वाढतात, हे वाचकांना सांगायला नको. आबांनी एक पान वेगळे काढले होते. मी विचारले, तेव्हा म्हणाले, "सर, हे खापरपणजोबांचं. रेल्वेच्या कामाला बोरघाटात गेले होते, सुरुंगावर. गेले ते परत आले नाहीत. कधी गेले, कशानं गेले, काही ठाऊक नाही. नावसुद्धा नाही राहिलं. पान मात्र दरसाल वाढतो आम्ही." मग जरा थांबून म्हणाले, "पन्नास वर्षं त्या घाटातून गाडीनं ये-जा केली. पण खाली उतरून हात जोडायचे राहिले."

नवरात्र उलटल्यावर एका रविवारी पहाटे आम्ही दादरला खोपोलीची गाडी पकडली. आबांच्या पिशवीत एक नारळ होता.

कर्जतच्या पुढे पळसदरीला पुण्याची मोठी लाईन डोंगराकडे वळते आणि आपली लोकल गरीब नातेवाइकासारखी खोपोलीची वाट धरते. पण हीच फाट्याची लाईन एके काळी मुख्य होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली, आणि तीनच वर्षांनी, मे १८५६ मध्ये, रूळ खोपोलीपर्यंत येऊन डोंगराच्या पायाशी थांबले. वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचे रूळ जून १८५८ मध्ये तयार झाले. मधला घाट तेवढा राहिला. पुढची पाच वर्षे मुंबईचा प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढे, आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसे. ज्याच्या खिशात पैसे नसत तो चालत जाई. आम्ही ज्या रस्त्याने निघालो तो हाच रस्ता.

खोपोली गाव तसे आता कारखान्यांचे झाले आहे. तरी नाना फडणिसांनी बांधलेला तलाव आणि त्याच्या काठचे वीरेश्वराचे देऊळ अजून आहे. पुण्याहून कोकणात उतरणाऱ्याला पहिला विसावा येथे मिळे. तलावाकडून डोंगराकडे पाहिले, की कड्यावरून उतरणारे टाटांचे मोठे नळ दिसतात. वर लोणावळ्याच्या बाजूला धरणे बांधून साठवलेले पावसाचे पाणी या नळांतून खोपोलीच्या वीजघरात आदळते. १९१५ साली हे वीजघर चालू झाले आणि येथली वीज तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांत गेली. आबा बराच वेळ त्या नळांकडे पाहत उभे राहिले. "म्हणजे आमचा साचा ह्या पाण्यावर चालायचा म्हणा की," ते म्हणाले.

रस्त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. आधी नावाचे. इंग्रजांनी आपल्या लिपीत याला 'भोर' करून टाकले आणि पुष्कळ सुशिक्षित मंडळीही आता भोरघाट म्हणतात. भोर गावाशी याचा संबंध नाही, हा बोरघाट. सह्याद्रीच्या इतर वाटांप्रमाणे हीही पूर्वी पायवाट होती. लमाणांचे बैलांचे तांडे पाठीवर गोण्या घेऊन हिच्यावरून चढत-उतरत. चाकाचे वाहन वर नेणे म्हणजे ते सोडवून, तुकडे करून नेणे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने येथे गाडीरस्ता करण्याचा हुकूम दिला. कॅप्टन ह्यूज याने तो आखला. १९ जानेवारी १८३० रोजी काम सुरू झाले आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबरला रस्ता खुला झाला. मध्ये एक पावसाळा गेला, हे लक्षात घ्या! दख्खनचा कापूस बैलाच्या पाठीवरून गाडीत आला तो या रस्त्यामुळे, आणि मुंबईच्या बंदरात त्याच्या गासड्यांचे ढीग पडू लागले.

चढ लागला तशी आमची बोलणी आपोआप कमी झाली. हा रस्ता आता डांबरी आहे. रुंदही पुष्कळ केलेला आहे. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यापासून येथली वाहनांची गर्दी ओसरली, तरी ट्रक येतच असतात, आणि वळणावर माणसाने कठड्याला चिकटून उभे राहावे हे उत्तम. पण पायी जाणाऱ्याला डोंगर जसा कळतो तसा गाडीत बसून कळत नाही. एका बाजूला खोल दरी, दुसऱ्या बाजूला काळ्या पाषाणाची उभी भिंत. मी भिंतीला हात लावून पाहिला. थंडगार आणि लोखंडासारखी कठीण. आबांनी काठी आपटली तर खणकन आवाज आला.

हा दगड फोडायचा कसा? आज यंत्रे आहेत. रेल्वेचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले तेव्हा डायनामाइटदेखील नव्हते. नोबेलने त्याचे पेटंट घेतले १८६७ साली. हाती होते ते घण, पहार आणि बंदुकीची दारू. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची. असे करता करता हात-दीड हात खोल भोक झाले, की त्यात दारू ठासायची, वात सोडायची, वरून माती घट्ट बसवायची, वातीला बत्ती द्यायची आणि पळत सुटायचे. हे झाले सपाटीवर. येथे कड्याला पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हा माणसांना दोर बांधून वरून खाली सोडीत आणि लोंबकळतच ते भोके पाडीत. सुरुंग ठासून झाला की वरच्यांनी दोर ओढायचा. वात लवकर जळली, किंवा वरच्यांचे हात उशिरा चालले, तर पुढचे सांगायला नको. सुरुंग उडाल्यावर पडलेला दगड पाट्यांतून वाहून न्यायला बाया आणि पोरेही असत.

आबा खाली दरीत पाहत होते. मी हे सगळे त्यांना सांगत होतो. पण सुरुंगाचे सांगून झाल्यावर मला पुढे बोलवेना.

आकडे मात्र वाचकांपुढे ठेवले पाहिजेत, कारण इतके काम झाले हे आकड्यांशिवाय पटत नाही. घाटाची लाईन पावणेसोळा मैलांची. एवढ्या अंतरात ती १८३१ फूट चढते आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांत एक फूट आहे. मूळच्या लाईनवर २५ बोगदे आणि ८ मोठे दगडी पूल होते. खोदून काढलेला खडक वीस लाख घन यार्डांहून अधिक, म्हणजे सुमारे साडेपाच कोटी घनफूट भरला. गिरगावच्या चाळीतली दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. अशा पंचेचाळीस हजार खोल्या जमिनीपासून आढ्यापर्यंत काळ्या दगडाने ठासून भरतील एवढा तो खडक. तोही घणाने आणि पहारीने फोडलेला!

आणि माणसे? आरंभी दहा हजार होती, पुढच्या वर्षी वीस हजार झाली. जानेवारी १८६१ मध्ये घाटात बेचाळीस हजारांवर माणसे कामाला होती. त्या वेळच्या महाराष्ट्रात एवढ्या वस्तीची शहरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. अशी वस्ती डोंगराच्या उतारावर, झोपड्यांत, ओढ्याच्या पाण्यावर राहत होती. त्यात पटकी शिरली. सुरुंगाने, कडा कोसळून आणि दोर तुटून मेली त्याहून कितीतरी जास्त माणसे पटकीने आणि तापाने गेली. या घाटात सुमारे चोवीस-पंचवीस हजार माणसे मेली असावीत असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पटकी गोऱ्या-काळ्याचा भेद पाहत नव्हती हे खरे; पण नोंद पाहत असे. पहिला कंत्राटदार फेव्हिएल १८५९ मध्ये काम सोडून गेला. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि महिन्याच्या आत आजारी पडून मरण पावला. त्याची बायको अॅलिस हिने माघारी न जाता दोन इंजिनिअरांच्या साहाय्याने नवऱ्याचे कंत्राट पुरे केले. बाईच्या हिमतीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तिच्या नवऱ्याचे नाव, गाव, मृत्यूचा महिना, सारे आपल्याला पुस्तकात सापडते. आबांच्या खापरपणजोबांना मात्र एक अमावास्या मिळाली.

फेव्हिएल गेला त्याच्या आधीची एक हकीकत मी आबांना मुद्दाम सांगितली. जानेवारी १८५९ मध्ये घाटात दंगा झाला. मजुरी थकली होती. कंत्राटदाराच्या खाली पोटकंत्राटदार, त्याच्या खाली मुकादम, अशी उतरंड. आणि पैसा वरून खाली येता येता मध्येच कोठेतरी अडके. मजूर चिडले, गोऱ्या अंमलदारांवर काठ्या-दगड चालले. सरकारने चौकशी केली आणि १८६० साली मालक व मजूर यांच्या तंट्यांचा एक कायदा केला. थकलेली मजुरी मॅजिस्ट्रेटपुढे लवकर मागता यावी, ही त्यातली चांगली बाजू. आणि कबूल केलेले काम मजुराने सोडले तर त्याला तुरुंगात घालता यावे, ही दुसरी!

आबा हसले. "सर, आमच्या संपाच्या वेळीपण जानेवारीच होता."

तसा तो होताच. १८ जानेवारी १९८२. मुंबईत कावसजी दावरांची पहिली गिरणी सुरू झाली तीही १८५६ साली ताडदेवला, म्हणजे घाटात पहिला घण पडला त्याच वर्षी. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटाची लाईन खुली झाली. तेव्हा अमेरिकेत यादवी चालली होती, विलायतेला कापूस मिळेना आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या घरात सोन्याचा धूर निघत होता. त्या धुरात दख्खनचा कापूस या घाटातून भराभर खाली उतरला. कापसापाठोपाठ माणसेही उतरली, जुन्नर, खेड, साताऱ्याकडची, आणि परळ-लालबागच्या चाळींत दहा-दहा जणांच्या गाळ्यांत राहिली. कोकणातून बोटीने आलेल्या आमच्या मंडळींनी त्यांना 'घाटी' म्हटले. माझ्या आजीच्या तोंडी तो शब्द फारसा आदराचा नसे. पण घाटी म्हणजे घाटावरचा. आणि तिला पुण्याला बहिणीकडे सुखाने नेणारा घाट कोणी खोदला होता, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

अर्धी चढण झाल्यावर शिंग्रोबाचे देऊळ लागते. देऊळ लहानच. जाणारे ट्रकवाले वेग कमी करतात, कपाळाला हात लावतात, कोणी नाणे टाकतो. शिंग्रोबाची गोष्ट घाटात सर्वांना पाठ आहे. साहेबांना घाटातून वाट सापडेना. शिंग्रोबा हा या डोंगरात गुरे-मेंढरे चारणारा धनगर. तो पुढे झाला आणि जनावरे ज्या वाटेने चढतात ती त्याने दाखवली. साहेब खूश होऊन म्हणाला, "काय पाहिजे ते माग." शिंग्रोबा म्हणाला, "आमचा देश आम्हाला परत द्या." साहेबाने बंदूक उचलली.

हे कागदोपत्री सापडणाऱ्या इतिहासासारखे नाही, हे मी जाणतो. रेल्वेच्या इंजिनिअरांनी घाटाच्या मोजण्या कित्येक महिने केल्या होत्या. एका दुपारी कोणी बोट दाखवावे आणि वाट मिळावी असे ते काम नव्हते. पण डोंगरातल्या माणसाला पुढे घातल्याशिवाय त्यांनी या रानात पाऊल टाकले असेल, हेही मला खरे वाटत नाही. काही असो. माल्कमचे नाव आज येथून जाणाऱ्या शंभरांतल्या एकालाही ठाऊक नसेल. शिंग्रोबाला मात्र रोज नवा हार असतो.

आबांनी पायातल्या वहाणा काढल्या. पिशवीतला नारळ काढून त्यावरची शेंडी नीट केली. मला वाटले, ते देवाला नारळ फोडणार. पण त्यांनी आधी देवाला हात जोडले आणि मग दरीकडे तोंड करून कठड्याच्या दगडावर नारळ वाढवला. पाणी दरीत सोडले. काही मंत्र वगैरे म्हटला नाही. अर्धे भकल शिंग्रोबापुढे ठेवले, अर्ध्याचे तुकडे केले, मला एक दिला, आणि तेवढ्यात थांबलेल्या ट्रकच्या क्लीनर पोरालाही एक दिला. पोराने विचारले, "कशाचा परसाद, बाबा?" आबा म्हणाले, "आमच्या घरच्या माणसाचा."

तेथून पुढे चढ अधिक अंगावर येतो. पावसाळा नुकताच सरल्यामुळे कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा अजून गळत होत्या. समोर नागफणीचे टोक ढगात शिरत होते. पलीकडच्या डोंगरातून गाडीची शिटी ऐकू येई, आणि बऱ्याच वेळाने बोगद्यातून डबे बाहेर पडताना दिसत. मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी इंजिने लावतात, हे आपण जाणतोच; दुरून पाहिले म्हणजे ते ढकलणे डोळ्यांना दिसते. आबा प्रत्येक गाडीला थांबत. मला ते सोयीचेच होते.

जुन्या लाईनची एक गंमत वरच्या अंगाला आहे. तीव्र चढ टाळण्यासाठी लाईन वळवीत वळवीत आणली. पण एका ठिकाणी डोंगराने वळायला जागाच दिली नाही. तेव्हा इंजिनिअरांनी युक्ती केली. गाडी कड्याच्या खांद्यावर एका सपाट जागी आणून उभी करायची, पुढचे इंजिन सोडायचे, ते मागच्या टोकाला जोडायचे, आणि गाडी उलट दिशेने वरच्या लाईनवर काढायची. नागमोडी नव्हे, तर इंग्रजी 'झेड'सारखी चाल! साठ-पासष्ट वर्षे पुण्याच्या गाड्या अशाच वर गेल्या. १९२९ साली विजेची गाडी आली तेव्हा नवी लाईन पाडून हे स्टेशन बंद केले. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० रोजी, डेक्कन क्वीन सुरू झाली. त्या टाकून दिलेल्या लाईनच्या दगडी कमानी अजून खंडाळ्याखाली उभ्या आहेत. द्रुतगती मार्गावरून मोटारीने जाणाऱ्यांना त्या क्षणभर दिसतात. जवळच अमृतांजन पूल होता. डोकेदुखीच्या मलमाची पाटी लागल्यामुळे त्याला हे नाव पडले होते. बांधणी मात्र १८३०च्या ह्यूजच्या रस्त्याची म्हणून सांगत. नव्या रस्त्याला त्याचे खांब अडचणीचे झाले आणि एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत रस्ता सुनसान असताना, तो उडवून टाकला. सुरुंग लावूनच.

जुना रस्ता द्रुतगती मार्गाला मिळतो तेथे पायी माणसाची वाट संपते. त्या मार्गावर चालायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. आम्ही आधीच्या वळणावर लोणावळ्याच्या एसटीला हात केला. आबांना अर्धे तिकीट पडले. कंडक्टरने विचारले, "कुठून आलात चालत?" आबांनी सांगितले. "कशाला?" म्हणून त्याने पुन्हा विचारले, पण तिकिटाचे पैसे मोजण्यात उत्तर ऐकायचे राहून गेले.

कोणा वाचकाला जावेसे वाटले तर पावसाळ्यात जाऊ नये, दरडी पडतात. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस चांगले. दादरहून पहाटेची गाडी धरावी, खोपोलीला चहा घ्यावा आणि ऊन चढण्याच्या आत शिंग्रोबा गाठावा. वाटेत पाण्याचा भरवसा नाही, ते बरोबर न्यावे. रुळांवरून चालण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. मुले बरोबर असतील तर हात धरून चालवावीत.

यंदाच्या सर्वपित्रीला आबांनी मला पुन्हा बोलावले होते. खीर, वडे, कढी, कारल्याची भाजी. ते वेगळे पान यंदाही होते. कावळ्यासाठी चाळीच्या गच्चीवर ते ठेवताना आबांच्या नातवाने विचारले, "ह्यांचं नाव काय होतं?" आबा म्हणाले, "नाव ठाऊक नाही. पण कुठं होते ते मी बघून आलोय." मग नातू माझ्याकडे वळला आणि बोगदे किती, पूल किती, दगड फोडायला काय वापरत, असे एकामागून एक विचारू लागला, तो कावळा शिवून गेला तरी थांबेना.

पोराच्या प्रश्नांनी आबांना आता नवे वेड लागले आहे. कसाऱ्याचा थळघाटही त्याच काळात, १८६५ सालापर्यंत, याच पद्धतीने खोदला, असे मी बोलून गेलो. त्या दिवसापासून ते तिकडे कधी जायचे म्हणून विचारीत आहेत. मी सांगितले आहे, जरा थंडी पडू द्या.